निवृत्तीनंतरची समुद्रसफर : स्वस्त म्हणजे नक्की किती?

 

गेल्या दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. आमच्या गटाची बैठक संपली, बचत गोळा झाली, वही मिटली, तरी एक मावशी काही उठेनात. अंगणवाडीत आयुष्य घालवून पासष्टाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्यात. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात होती : ‘ज्येष्ठ महिलांसाठी मुंबई-गोवा क्रूझ, तीन दिवस, जेवणासह फक्त ४,९९९ रुपये. आजच दोन हजार भरा, जागा पक्की करा.’ मावशी म्हणाल्या, “सारा जन्म टँकरच्या पाण्यावर काढला गं. एकदा डोळं भरून पाणी बघायचंय.”

खरं सांगते, ‘आता या वयात कशाला?’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. पैसे त्यांचे, कष्ट त्यांचे. आपलं काम एवढंच, की हिशेब नीट लावून द्यायचा. तोच आज तुम्हालाही सांगते.

आधी क्रूझ म्हणजे काय ते बघू. क्रूझ म्हणजे पाण्यावरचं हॉटेलच. झोपायला खोली, जेवण, करमणूक, सगळं बोटीवर. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी निघतात. ‘कॉर्डेलिया’ नावाच्या कंपनीची बोट २०२१ पासून अशा फेऱ्या करते. जाहिरातीत दिसतो तो आकडा मात्र पूर्ण खर्च नसतो. म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारायचे.

पहिला, हे भाडं किती जणींच्या खोलीचं? बहुतेक वेळा ‘माणशी’ भाडं हे एका खोलीत दोघीजणी धरून सांगतात. एकटीनं खोली घेतली, तर रिकाम्या जागेचंही बरंचसं भाडं आपल्याच अंगावर पडतं. तेव्हा जोडीदारीण आधी शोधा.

दुसरा, भाड्याच्या वर काय? बंदराचं शुल्क, कर आणि बोटीवरच्या नोकरांची बक्षिसी बऱ्याचदा वेगळी असते.

तिसरा, जेवण कुठलं फुकट? ठरलेल्या भोजनगृहातलं जेवण भाड्यात येतं. खास हॉटेलं, इंटरनेट, किनाऱ्यावर उतरून फिरणं यांचे पैसे निराळे पडतात.

चौथा, बोट परत मुंबईला आणते की गोव्यातच सोडते? गोव्यात सोडणार असेल, तर परतीचं भाडं आपलं.

आता नुसतं समजण्यासाठी आकडे मानू. भाडं १८,००० रुपये. शुल्क, कर, बक्षिसी ५,०००. गावाहून मुंबई, परत आणि एखादी रात्र मुक्काम १,५००. औषधं, प्रवास विमा, वरखर्च १,५००. झाले की २६,०००! जाहिरातीतले अठरा कुठं नि हे सव्वीस कुठं.

मग स्वस्त कसं करायचं? निवृत्त माणसाकडे पैसा बेताचा असला, तरी तारीख आपल्या हातात असते. मुलांना शाळेची सुट्टी बघावी लागते, आपल्याला नाही. दिवाळी, नाताळ, एकतीस डिसेंबर आणि शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी निघणारी फेरी सहसा स्वस्त पडते. खिडकी नसलेली आतली खोली सगळ्यात कमी भाड्याची असते. समुद्र बघायला वर डेकवर जायचं, खोलीत फक्त झोपायचं. खोली बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथं हेलकावे कमी जाणवतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

मुंबईपर्यंतचा प्रवासही स्वस्त करता येतो. एसटीत राज्याच्या हद्दीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आधार कार्ड जवळ ठेवा, म्हणजे झालं.

आता मावशींच्या त्या ४,९९९ च्या जाहिरातीकडे येऊ. त्यात बोटीचं नाव नव्हतं, कंपनीचा पत्ता नव्हता. पैसे एका माणसाच्या मोबाईल नंबरवर मागितले होते आणि ‘आजच भरा’ अशी घाई होती. मी फोन लावून बोटीचं नाव विचारलं. समोरच्यानं फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही. लक्षात ठेवा, आपल्या खात्यात पैसे यायला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. कुणी फसलंच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सरकारी नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

मावशींच्या घरीही बोलणं झालं. मुलगा म्हणाला, “एवढ्या पैशात शेततळ्याचा कागद येईल.” त्याचंही चूक नव्हतं. मग मावशींनीच तोड काढली. निवृत्तीची रक्कम ठेवीत आहे तशीच राहील. सफरीसाठी वेगळं आवर्त ठेवीचं खातं काढायचं. महिन्याला ११०० टाकले तर दोन वर्षांत व्याज सोडून २६,४०० होतात. गटाचं कर्ज मात्र फिरण्यासाठी काढायचं नाही, हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं.

पण दोन वर्षं थांबायचं आणि तोवर गुडघे थांबतील का? म्हणून आम्ही आधी छोटी सफर केली. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते. ती २०२० मध्ये सुरू झाली. तासाभराचा प्रवास, बसायला खुर्च्या, पोटात गाड्यासुद्धा घेते. तिकीट काही शे रुपयांत होतं. गेटवेवरून मांडव्याला लाँचही जातात. त्यांतल्या काहींच्या तिकिटात पुढची अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. पावसाळ्यात लाँच बंद असतात, हे ध्यानात घ्या. कोकणात जाणं झालं, तर दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे. ती चहा-वड्याच्या पैशांत खाडी ओलांडून देते.

नोव्हेंबरात आम्ही चौघीजणी एसटीनं गेलो. रात्री एकीच्या भाच्याकडे कोपरखैरण्याला मुक्काम केला. सकाळी बोटीत बसलो. धक्का मागे पडला तशा मावशी उठल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या, त्या मांडवा येईपर्यंत. भाकरी-चटणीचा डबासुद्धा उघडला नाही. उतरताना एवढंच म्हणाल्या, “एवढं पाणी, आणि घोटभर पिता येत नाही बघ.”

त्यांचं खातं चालू आहे. शेजारच्या गटातली एक काकू जोडीदारीण म्हणून तयार झाल्या आहेत. त्यांनीही अकराशे भरायला सुरुवात केली.

तुमच्या गटात कुणाला असं कुठं जायचं असेल, तर पुढच्या बैठकीत विचारा. ते चार प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. आणि पैसे मागणारा मेसेज आला, तर पैसे भरायच्या आधी तो गटात दाखवा. येते मी. नमस्कार.