चित्राच्या पाठीमागचं नाव

माघ पौर्णिमेच्या सुमाराला गोंदिया–डोंगरगड मार्गावरच्या दरेकसा स्टेशनात गाडीतून माणसांचे लोंढे उतरतात आणि सगळे एकाच दिशेने चालू लागतात. पिवळे फेटे, पिवळी उपरणी, खांद्यावर सातरंगी झेंडे, भेटेल त्याला ‘जय सेवा’. वाट सालेकसा तालुक्यातल्या धनेगावाला जाते. वर डोंगरात कचारगडची गुहा आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातले गोंड इथे येतात. नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८०च्या दशकात ही यात्रा नव्याने उभी केली.

पायथ्याशी रस्त्याच्या कडेने पालं लागलेली असतात. गोंडी भाषेवरची, इतिहासावरची पुस्तकं, कॅलेंडरं, गोंडांच्या श्रद्धेतल्या पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या तसबिरी, मण्यांच्या माळा, झेंडे. विकणारे आदिवासी, घेणारेही बहुतेक आदिवासीच. शहरातल्या आर्ट गॅलरीत आदिवासी चित्र भिंतीवर दिसतं, पण गल्ल्यावर आदिवासी माणूस क्वचितच दिसतो. इथे गल्लाही त्यांचाच आहे. म्हणून दिवाळीला, लग्नकार्याला द्यायच्या भेटी मी इथून घेते.

एक पाल मध्य प्रदेशातल्या दिंडोरीकडच्या जोडप्याचं होतं. दोरीला चिमट्यांनी चित्रं लावलेली. शिंगांतून झाड फुटलेलं हरीण, मोर, मोहाचं झाड, एकमेकांभोवती फिरणारे दोन मासे. गिऱ्हाईक नसलं की ती पाट मांडीवर घेऊन नवं चित्र भरायला बसे. हरणाच्या अंगात आधी सपाट पिवळा रंग दिलेला. तो वाळल्यावर बारीक टोकाने काळ्या तिरक्या रेघा, तांदळाच्या कणीएवढ्या. एक ओळ झाली की खाली ठिपक्यांची ओळ, मग पुन्हा रेघा. मानेपाशी ओळी वळतात तिथे ती कागदच फिरवून घेई, मनगट तसंच ठेवी. शेजारी नवऱ्याची चित्रं होती, त्यांत रेघांऐवजी खवल्यांची अर्धवर्तुळं. गोंड चित्रकारांत प्रत्येकाची भराई अशी वेगळी असते. जाणकार सही न बघता चित्र कुणाचं ते सांगतात.

“हाथ लगाके देखो, दीदी,” ती म्हणाली. अशा चित्रांच्या छापील प्रती बाजारात सर्रास मिळतात, तेव्हा ही पारख घेणाऱ्याला यायला हवी. हाताने टेकवलेल्या ठिपक्याला उठाव असतो, तो बोटाला लागतो. कागद उजेडात तिरपा धरला की रेघ कुठे जाड, कुठे बारीक झालेली दिसते. भिंगाखाली छापील रंग बारीक टिकल्यांत फुटतो, हाताने दिलेला रंग एकसंध राहतो.

गोंड चित्रांची ही आजची तऱ्हा सुरू झाली ती दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांच्यापासून. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळला आणलं. १९८२ साली तिथे भारत भवन हे कलाकेंद्र उघडलं आणि भिंतीवरची चित्रकला कागदावर, कॅनव्हासवर आली. २००१ साली जनगढ जपानमध्ये वारले. पुढे याच परंपरेतल्या भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

हे चित्रकार मुळात परधान, म्हणजे गोंडांचे गायक. शामराव हिवाळे या मराठी माणसाने पाटणगढ परिसरात राहून १९४६ साली परधानांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. परधान आपल्या गोंड यजमानाच्या घरी ठरावीक वर्षांनी जायचा, बाना हे तंतुवाद्य वाजवून बडादेवाची आणि त्या कुळाची गाणी गायचा. यजमान त्याला धान्य, कापड, जनावर द्यायचा. कचारगडच्या कथेतही गायक आहेच. गुहेत कोंडलेल्या मुलांना हिरासुका पाटालीरच्या संगीताने बळ आलं, तोंडावरची शिळा हलली आणि तिच्याखाली सापडून त्याचा जीव गेला, असं सांगतात.

यजमानी सरली तशी गाण्याची मिळकत आटली. आज तिची जागा आपली खरेदी घेऊ शकते, पण ती बनवणाऱ्याच्या हातात पोचली तर. दिंडोरीच्या गोंड चित्रकलेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते कलेच्या नावाला राखतं. मधल्या दलालाने चित्रकाराला किती दिले, हे त्यावरून कळत नाही. समोरासमोर घेतलं की कळतं. म्हणून अशा ठिकाणी मी घासाघीस करत नाही. वीतभर कागद भरायला दोन-तीन दिवस लागतात, असं पालातली ती चित्रकार म्हणाली. एवढ्या दिवसांची मजुरी मनात धरली की सांगितलेली किंमत जास्त वाटत नाही.

माशांचं चित्र मी घेतलं. मागे तिने आपलं नाव, गाव, साल लिहिलं. बऱ्याच जणी सांगितल्याशिवाय लिहीत नाहीत, तेव्हा घेणाऱ्याने आग्रहाने लिहून घ्यावं. फ्रेम करणाराही पाठीला पुठ्ठा लावून नाव झाकून टाकतो. त्याला पुठ्ठ्यावर ते पुन्हा लिहायला सांगावं. भेट देताना ‘गोंड पेंटिंग आहे’ एवढ्यावर भागवू नये. कुणी काढलंय, कुठली आहे, भराई कशी ओळखायची, हे सांगावं. घरी आलेला पाहुणा विचारेल तेव्हा यजमानाला ते नाव घेता यावं.

यात्रा माघात, दिवाळी कार्तिकाच्या तोंडावर. मधल्या महिन्यांत पावसाळा येतो, शेतीची कामं येतात, चित्रकाराच्या हाताला रंग लागत नाही. दहा-बारा चित्रं हवी असतील तर फोन नंबर इथेच घ्यावा, निम्मे पैसे आगाऊ द्यावेत आणि सवडीने काढायला सांगावं. वर्षाआड नव्हे, दरवर्षी त्याच हाताकडे मागणी गेली, तर त्या चित्रकाराला पुढच्या हंगामाचा हिशेब धरता येतो. परधानाला आपल्या यजमानाचा असा भरवसा होता.