नखाएवढ्या जीवाचें नामकरण

आपल्या घरीं मूल जन्मास आलें म्हणजे बाराव्या दिवशीं त्याचें बारसें होतें. आत्या कानांत नांव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि त्या दिवसापासून तें मूल चारचौघांत गणलें जातें. समुद्राच्या कांठीं वाळूंत, चिखलांत व शेवाळांत राहणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याचें बारसें मात्र इतक्या सहज होत नाहीं. तो तेथें किती युगांपासून नांदत असेल कोण जाणे. पण त्यास नांव मिळावयाचें तर कोणा अभ्यासकास महिनेच्या महिने सूक्ष्मदर्शकापुढें मान घालून बसावें लागतें. हें नामकरण कसें होतें आणि आपणां गृहस्थांस त्याची मातब्बरी काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ज्या प्राण्यांविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांस शास्त्रांत ‘ॲम्फिपोडा’ म्हणतात. खेकडा, कोळंबी व जवळा ज्या कवचधारी वर्गांत मोडतात त्याच वर्गांतले हे जीव. बहुतेकांची लांबी एका सेंटिमीटरच्या आंतबाहेर असते. पावट्याचा दाणा दोन बोटांत धरून दोहों बाजूंनीं दाबावा, तसें त्यांचें शरीर चपटें व पाठीशीं वांकलेलें असतें. समुद्रकांठीं वाहून आलेलें शेवाळ काठीनें उचललें म्हणजे त्याखालून टणाटण उड्या मारीत जे बारीक जीव पळतात, ते पुष्कळदां ह्याच गणांतले असतात.

‘ॲम्फिपोडा’ हें नांव लात्रेइय नांवाच्या फ्रेंच पंडितानें १८१६ सालीं दिलें. शब्द ग्रीक आहे; परंतु संस्कृत जाणणाऱ्यास तो परका वाटूं नये. ग्रीक ‘ॲम्फि’ म्हणजे आपला ‘अभि’, ज्यापासून ‘अभितः’, म्हणजे दोन्ही बाजूंस, हें अव्यय होतें. आणि ‘पोद’ म्हणजे आपला ‘पद्’. दोन्ही दिशांस पाय असलेला तो ॲम्फिपॉड. नांव अन्वर्थक आहे. ह्या प्राण्याच्या छातीला पायांच्या ७ जोड्या असतात. पहिल्या २ जोड्या पकडीसारख्या, भक्ष्य धरण्यासाठीं. पुढल्या २ जोड्यांचा रोंख पुढें, तर शेवटच्या ३ जोड्यांचा मागें. पोटाखालीं पोहण्याच्या ३ जोड्या आणि शेंवटास रेटा देण्याच्या आणखी ३ जोड्या, अशा एकूण १३ जोड्या होतात. शिवाय मिशांच्या २ जोड्या निराळ्याच.

त्यांच्या संसारांतील एक गोष्ट आमच्या वाचक भगिनींस विशेष वाटेल. मादीच्या छातीखालीं पानांसारख्या पातळ पडद्यांची एक पिशवी असते. तींत ती अंडीं संभाळते, आणि पिलें बाहेर येतात तीं आईबापांच्याच रूपाचीं, फक्त लहान. कोळंबीचीं किंवा खेकड्याचीं पोरें निराळ्या रूपांत प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात. ह्यांचीं तशीं जात नाहींत. तीं आईच्याच अंगणांत वाढतात. ह्यामुळें एका खाडींतलें कुळ दुसऱ्या खाडींतल्या कुळाशीं सहसा मिसळत नाहीं, आणि दीर्घकाळानें प्रत्येक ठिकाणीं थोड्याफार निराळ्या जाति निपजतात. जगांत ह्या गणाच्या १०,००० हून अधिक जाति आजवर वर्णिल्या गेल्या असूनही नव्या सांपडतच आहेत, ह्याचें एक कारण हें आहे.

आपल्या देशांत ह्या अभ्यासाचा पाया सरकारी जहाजावर घातला गेला. ‘इन्व्हेस्टिगेटर’ ह्या सर्वेक्षण-नौकेवरील गाइल्स नांवाच्या शल्यवैद्यानें १८८० नंतरच्या दशकांत बंगालच्या उपसागरांतील अनेक ॲम्फिपॉड तपासून त्यांचीं वर्णनें छापलीं. इंग्लंडांत स्टेबिंग नांवाचे एक पाद्री होते. डार्विनच्या मताचा पुरस्कार केल्यामुळें त्यांस प्रवचनाची बंदी झाली. तेव्हां त्यांनीं आपलें आयुष्य ह्या प्राण्यांस वाहिलें. त्यांनीं १९०७ सालीं बंगालमधील एका जातीस ‘क्वाड्रिव्हिजिओ बेंगालेन्सिस’ असें नांव दिलें. हिचा प्रत्येक डोळा दुभागलेला असतो, म्हणून ती ‘चतुर्नेत्र’. पुढें चिल्का सरोवरांतील नमुने न्यूझीलंडमध्यें चिल्टन ह्या प्राध्यापकांकडे गेले, आणि त्यांचा वृत्तान्त १९२१ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. मद्रासच्या किनाऱ्यावरील ॲम्फिपॉडांवर नागप्पन नायर ह्यांचा ग्रंथ १९५९ सालीं निघाला. आतां हें काम दूरदेशीं पाठविण्याची आवश्यकता उरलेली नाहीं. त्याच चिल्का सरोवरांतून ओडिशांतील बेऱ्हामपूर विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं ‘पारह्याले ओडियन’ ही नवी जाति शोधल्याची वार्ता २०२२ सालीं वृत्तपत्रांत आली. ‘ओडिया’ ह्या शब्दावरून घडविलेलें तें नांव आहे. आपल्या मातीचा शब्द जगाच्या शास्त्रीय कोशांत जाऊन बसला, ही अभिमानाची गोष्ट नव्हे काय?

आतां नामकरणाचा विधि पाहूं. प्रथम चिखल बारीक चाळणींतून धुतात, किंवा शेवाळ पाण्यांत खळबळून जीव वेगळे करतात व मद्यार्कांत ठेवतात. मग सूक्ष्मदर्शकाखालीं सुईच्या टोंकानें एकेक पाय, एकेक जबडा सोडवून कांचेच्या पट्टीवर ग्लिसरिनांत मांडतात. प्रत्येक अवयवाचें चित्र काढावयाचें, त्यावरील कांटे व केस मोजावयाचे, आणि तशाच दिसणाऱ्या पूर्वीच्या साऱ्या जातींच्या वर्णनांशीं ताडून पाहावयाचें. नर व मादी ह्यांच्या पकडींत पुष्कळदां मोठा फरक असतो, म्हणून दोघांचेंही वर्णन करावें लागतें. अलीकडे आनुवंशिक द्रव्याचीही तुलना करतात. इतकें केल्यावर नमुना नवा ठरला, तरच नांव सुचवावयाचें. आणि तें वर्णनही इतर जाणत्यांनीं तपासल्यावांचून छापलें जात नाहीं.

ह्या नांवांना व्याकरण आहे, आणि तें आम्हांस फार मौजेचें वाटतें. लिन्नियसच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांचीं नांवें द्विपदी आहेत. पहिलें पद कुळाचें, दुसरें व्यक्तीचें. दुसरें पद विशेषण असेल तर तें पहिल्याच्या लिंगाप्रमाणें चालतें. संस्कृतांतील विशेष्य-विशेषणाचाच हा न्याय. चिल्टननें एका जातीस ‘ग्रँडिडिएरेला गाइल्सी’ असें म्हटलें. त्यांतील शेवटचा ईकार ही षष्ठी आहे: गाइल्सची, असा अर्थ. दुसरीस त्यानें ‘चिल्केन्सिस’ म्हटलें. हा ‘-एन्सिस’ प्रत्यय म्हणजे पाणिनीचा ‘तत्र भवः’. चिल्क्यांत असणारा तो चिल्केन्सिस. ज्येष्ठ अभ्यासकाचें ऋण षष्ठीनें फेडावें आणि जन्मभूमीचें तद्धितानें, अशी ही सुंदर रीत आहे. स्वतःचेंच नांव देण्याची मनाई नियमांत नाहीं. पण सभ्य लोक तसें करीत नाहींत.

नांवापेक्षांही महत्त्वाचा तो मूळ नमुना, ज्यास ‘होलोटाइप’ म्हणतात. ज्या एका प्राण्यावरून वर्णन झालें तो कुपींत घालून संग्रहालयांत कायमचा ठेवावा लागतो, व कुपींत स्थळ, तारीख व गोळा करणाराचें नांव लिहिलेली चिठ्ठी असते. आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. तो नसता तर मंदिराच्या काळाविषयीं पंडितांचे वाद संपले नसते. त्या चिठ्ठीचें कामही असेंच आहे. शंभर वर्षांनीं कोणास शंका आली, तर मूळ नमुन्याकडेच जाऊन निवाडा करतां येतो. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था १९१६ सालीं स्थापन झाली. तिच्या कपाटांत असे असंख्य नमुने जपलेले आहेत.

आमची एक नात हा विषय शिकते. एकदां आमच्या वडील बंधूंनीं तिला विचारलें, “अग, ह्या किड्यांच्या मिशा मोजून तुला पुढें मिळणार काय?” ती हंसून म्हणाली, “आजोबा, तुम्ही जन्मभर पोथ्यांतले पाठभेद मोजलेत, तेव्हां तुम्हांस असें कोणी विचारलें होतें का?” बंधु निरुत्तर झाले, आणि आम्हांस तें उत्तर मार्मिक वाटलें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली ती १९६६ सालीं पुरी झाली. शेंकडों हस्तलिखितें अक्षर-अक्षर ताडून पाहण्याची जी चिकाटी तेथें लागली, तीच येथेंही लागते. फरक इतकाच कीं ही पोथी चिखलांत ठेवलेली आहे.

तरी बंधूंचा प्रश्न अगदींच वावगा नव्हता. घरांतील कर्त्या पुरुषांस मुलांच्या पोटापाण्याची काळजी असणारच. म्हणून उपयोगाचीही गोष्ट सांगतों. हे जीव कुजलेला पालापाचोळा खाऊन किनारा स्वच्छ राखतात आणि स्वतः माशांचें अन्न होतात. ‘पारह्याले’ ह्याच कुळांतील हवाईच्या नांवाची एक जाति १८५३ सालीं डेना ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें वर्णिली. तिचा तुटलेला पाय पुन्हां फुटतो. त्यामुळें आज तिच्यावर मोठमोठ्या प्रयोगशाळांत संशोधन चालतें, आणि २०१६ सालीं तिचा संपूर्ण आनुवंशिक आराखडाही प्रसिद्ध झाला. डेनानें तिला नांव दिलें तेव्हां हा उपयोग कोणाच्या स्वप्नींही नव्हता. अमेरिकेंत तर बंदरांतला गाळ विषारी आहे किंवा नाहीं हें ठरविण्यासाठीं त्या गाळांत ॲम्फिपॉड १० दिवस ठेवतात आणि किती जगले तें मोजतात. इतका हा जीव विषाला हळवा आहे.

येथें हा विषय आमच्या दाराशीं येतो. मोरिवलीस समुद्र दिसत नाहीं. परंतु येथील पाणी शेवटीं समुद्रासच जातें. शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते, आणि उल्हास वसईच्या खाडीनें सागरांत शिरते. वाटेंत कारखान्यांचें व वस्तीचें सांडपाणी ह्या प्रवाहांत किती मिसळतें, हें ह्या भागांतल्या कोणत्याही गृहस्थास नाकानेंच कळतें. ह्या नद्यांच्या प्रदूषणाचें प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलें होतें. जीं पिलें आईचें अंगण सोडून जात नाहींत, त्यांना पळून जावयास दुसरें घर नाहीं. आपल्या खाड्यांच्या चिखलांत राहणाऱ्या प्रत्येक जीवास नांव मिळालें आहे, असें कोणी छातीठोकपणें म्हणूं शकणार नाहीं. ज्यास नांव नाहीं त्याची नोंद नाहीं, आणि ज्याची नोंद नाहीं तो गेल्याची दादही कोणी मागत नाहीं. नामकरणाआधींच एखाद्या कुळाचें उत्तरकार्य उरकलें जावें, ही केवळ शास्त्राची हानि नव्हे.

म्हणून वाचकांस आमची दोन मागणीं आहेत. घरांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस अशा अभ्यासाची ओढ असेल, तर ‘ह्यांत काय आहे?’ असें म्हणून तिला खुडूं नका. पोथ्या वाचणारीं घरें आपलीं आहेत. बारीक अक्षर लागण्याची दृष्टि आणि एका जागीं बसण्याची संवय हा आपला वारसा आहे, आणि तो येथें पुरेपूर उपयोगी पडेल. दुसरें असें कीं, आपल्या गांवच्या ओढ्यानाल्यांत काय सोडलें जातें ह्याची चौकशी प्रत्येक घरानें करावी आणि गैर दिसेल तेथें नगरपालिकेस लेखी कळवावें. सांडलेलें पाणी कोठें जातें हें ज्याला ठाऊक आहे, त्यास तें सांडतांना हात आंवरावा लागतो.