सहावी खेप

सोलापूरच्या नवी पेठेत दिवसा टिपर शिरूच शकत नाही. कपड्यांची दुकाने, हातगाड्या, दुचाक्या आणि खरेदीला आलेली कुटुंबे यांतून रिक्षा काढणेही अवघड. शिवाय शहरात जड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असतेच. त्यामुळे पेठेत जुन्या वाड्याच्या जागी नवी इमारत उभी राहत असेल, तर तिची खडी आणि क्रश सँड दुकानांची शटर खाली गेल्यावर येते. गाडी मागे घेतानाचा भोंगा, हौदा वर चढतानाचा जॅकचा आवाज आणि मग खडी ओतल्याचा धडधडाट. आसपासच्या घरांत झोपमोड होते, कुणी गॅलरीत येऊन ओरडते. केबिनमध्ये बसलेला माणूस किती तासांपूर्वी झोपेतून उठला आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रश्न वैद्यकीय आहे, पण त्याचे उत्तर त्या माणसाच्या पगाराच्या पद्धतीत सापडते.

दगडखाण आणि क्रशरवरच्या टिपरचालकाला पैसे दोन पद्धतींनी मिळतात. काहींना महिन्याचा पगार आणि वर भत्ता. बऱ्याच जणांना खेपेवर, म्हणजे जितक्या फेऱ्या तितके पैसे. घरात लग्न किंवा आजारपण निघाले की मालकाकडून उचल घेतली जाते आणि ती खेपांतून वळती होते. मधला वेळ हिशेबात नसतो. क्रशरवर गाड्यांची रांग आहे, लोडर बंद पडला आहे, वाहतुकीचा पास निघालेला नाही, टायर बसला आहे, या साऱ्या तासांचे मोल शून्य.

हे आकड्यांत मांडून पाहू. आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. भरणे, शहरात येणे, खाली करणे आणि परत जाणे, अशा एका खेपेला अडीच तास लागतात असे समजू. चार खेपांना दहा तास, सहा खेपांना पंधरा. चालक पहाटे सहाला उठला, सातला गाडीवर बसला आणि दिवसभरात दोन तास रांगेत गेले, तर सहावी खेप रात्री साडेनऊला सुरू होऊन बाराला संपते. खेपेला २०० रुपये धरले तर चार खेपांचे ८०० होतात. त्यातून जेवण, चहा, उचलीचा हप्ता वजा केला की जे उरते त्यात घर चालत नाही. घर चालते ते पाचव्या आणि सहाव्या खेपेवर. म्हणून ती सोडायची नसते.

या हिशेबाने सहाव्या खेपेची खडी नवी पेठेत रात्री अकराच्या सुमारास पोचते. तोवर चालकाला जागे होऊन १७ तास झालेले असतात. झोपेच्या अभ्यासात हा आकडा महत्त्वाचा आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवून दिले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे आणि लक्ष यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. दारूच्या थेंबालाही न शिवलेला हा माणूस प्रत्यक्षात त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत पेठेच्या गल्लीत गाडी मागे घेत असतो. श्वासावरून दारू कळते, जाग्रण कळत नाही.

थकलेल्या मेंदूला तीन-चार सेकंदांची डुलकी लागते आणि अनेकदा ती लागल्याचे त्या माणसालाही कळत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी सुमारे ५५ मीटर जाते. त्यात वजन. ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि एक ब्रास खडी साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरते. दहा चाकी गाडीचे एकूण वजन कायद्याने २८.५ टनांच्या आत हवे. रिकामी गाडीच अकरा-बारा टनांची, म्हणजे चार ब्रासही जेमतेम बसतात. हौद्यात पाच-सहा ब्रास दिसली तर ब्रेकवर किती ताण येत असेल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. जास्तीची ब्रास चालक स्वतःच्या हौसेने भरत नसतो. दरही त्याने ठरवलेला नसतो.

टिपरचालकाच्या दुखण्यांत सर्वांत जास्त ऐकू येणारे दुखणे कंबरेचे. बहुतेकांना वाटते की ते बसून राहिल्याने होते. बसणे हे अर्धे कारण. उरलेले अर्धे म्हणजे कंपन. बसलेल्या माणसाच्या पाठीच्या कण्याची स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण ४ ते ८ कंपनांची. त्याच लयीत बाहेरून हादरे आले की झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या धक्क्यासारखे ते शरीरात वाढतात. अवजड गाडीची कच्च्या रस्त्यावरची कंपने नेमकी याच पट्ट्याच्या आसपास असतात. मणक्यांमधल्या चकत्यांना प्रौढ वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. त्यांचे पोषण आजूबाजूने झिरपून होते. दिवसभर दबलेल्या आणि हादरणाऱ्या चकतीला ते पुरेसे मिळत नाही. मग चाळिशीच्या आत पायात कळ, मुंग्या, आणि एमआरआयच्या अहवालात चकती सरकल्याचा उल्लेख.

इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. भरलेल्या टिपरपेक्षा रिकामा टिपर जास्त हादरवतो. गाडीचे पाटे पूर्ण वजनासाठी बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते ताठ राहतात आणि खड्ड्याचा धक्का थेट सीटपर्यंत येतो. चालकाचा निम्मा प्रवास रिकाम्या गाडीचा असतो आणि नेमका तोच वेगात होतो, कारण पुढच्या खेपेचा नंबर लावायचा असतो. युरोपात २००२ पासून कामगाराच्या अंगावर येणाऱ्या कंपनांना आठ तासांच्या हिशेबाने मर्यादा आहे. त्या हिशेबाचा नियम असा, की कंपनाची तीव्रता दुप्पट झाली तर ते सोसण्याचा सुरक्षित वेळ निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो. म्हणजे खाणीच्या आतला रस्ता ग्रेडरने सपाट केला आणि रिकाम्या गाडीचा वेग आवरला, तर गोळ्यांपेक्षा जास्त उपयोग होईल. चालकाने करण्याजोगे एकच पण मोलाचे: लांब फेरीनंतर केबिनमधून उडी मारू नये आणि लगेच जड वस्तू उचलू नये. त्या वेळी पाठीचे स्नायू थकलेले असतात. पायरी धरून उतरावे, दोन मिनिटे चालावे.

धुळीबद्दल मात्र थोडा गैरसमज आहे. खाण म्हटली की सिलिकोसिस, असे समीकरण झाले आहे. मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींचे आणि खंभातच्या अकीक दगडाचे कारागीर या रोगाने गेले, ते खरेच. पण सोलापूरचा काळा दगड बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात निम्म्याच्या आसपास सिलिका असली तरी ती बहुतांश इतर खनिजांत बांधलेली असते. फुफ्फुसाला घातक ठरणारे मोकळे स्फटिक एरवी फार कमी. दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि चकमक सापडते, म्हणून धोका शून्य नाही. तरीही इथल्या चालकाला सिलिकोसिसपेक्षा जुनाट खोकला, दमा आणि श्वासनलिका अरुंद होण्याची शक्यता अधिक. विडी-सिगारेट असेल तर दुप्पट काळजी. आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला ‘धुळीचा’ म्हणून सोडून देऊ नये. थुंकीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते, क्षयरोग तिथेच सापडतो.

मग ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो आणि इंजिनाशेजारच्या केबिनमध्ये त्याहून जास्त. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच. खाणींवर धावणारे जुने टिपर मात्र आहेत तसेच राहणार. थांबावे लागू नये म्हणून चालक पाणी कमी पितात आणि लघवी रोखून धरतात. मुतखडा त्यातूनच होतो. झोप उडवायला मावा. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला मावा पानटपरीवर मिळतोच. तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तिखट झोंबू लागले, की तो कर्करोगाआधीचा इशारा असतो. त्याच वेळी तपासून घेतले तर पुढचे पुष्कळ टळते.

पेठेत एक वेगळा धोका आहे. जुन्या वस्तीत गल्लीवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि हौदा वर गेला की तो थेट त्यांच्यापर्यंत पोचू शकतो. गाडी खाली करण्याआधी वर पाहायला एक माणूस हवा, रात्री तर हवाच. हौदा तारेला लागलाच तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे, बाहेरच्यांना दूर थांबवावे आणि वीजपुरवठा बंद होईपर्यंत उतरू नये. गाडीने पेट घेतला आणि उतरावेच लागले, तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारावी. एक पाय जमिनीवर आणि हात गाडीला, असे कधीच होऊ देऊ नये. मग पाय न उचलता, घासत घासत दूर जावे. मदतीच्या भरात गाडीला हात लावणाराही जीव गमावतो. क्लीनर, मुकादम आणि बांधकामाच्या मालकानेही हे लक्षात ठेवावे.

आता पगाराकडे परत येऊ. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर हे सारे होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकालाच लागू होता. दोन-तीन टिपरचा मालक त्यात सापडतच नसे. हा कायदा ज्या संहितेत विलीन झाला, तिने ही संख्या दहावर नेली. संरक्षण वाढायचे तिथे चाळणीची भोकेच मोठी झाली. किमान वेतनाचा हक्क मात्र कामगारांच्या संख्येवर अवलंबून नाही, आणि खेपेवर काम करणाऱ्यालाही केलेल्या वेळाच्या हिशेबाने किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. रांगेतले तास या हिशेबात धरले, तर सहाव्या खेपेची सक्ती बरीच सैल होईल.

पगार आणि अपघात यांचा संबंध इतरत्र तपासून झाला आहे. अमेरिकेतील जे. बी. हंट या मोठ्या वाहतूक कंपनीने १९९७ मध्ये चालकांचे मैलामागचे दर एक तृतीयांशाहून अधिक वाढवले. अर्थतज्ज्ञ मायकेल बेल्झर आणि सहकाऱ्यांनी त्या काळातील नोंदी अभ्यासल्या, तेव्हा अपघातांची शक्यता जवळपास निम्म्यावर आलेली दिसली. अनुभवी चालक नोकरी सोडून जाईनासे झाले, हेही त्यामागे होते. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये रस्ते सुरक्षेसाठी चालकांचे मोबदले ठरवणारे न्यायाधिकरणच नेमले. स्वतःची गाडी चालवणाऱ्या मालकांच्या विरोधानंतर २०१६ मध्ये ते बरखास्त झाले. आपल्याकडचे एक-दोन टिपरचे मालकही क्रशर आणि कंत्राटदार यांच्यामध्ये पिचलेले असतात, त्यामुळे तो विरोध समजण्यासारखा आहे. वाढीव दर शेवटी इमारत बांधणाऱ्याच्या खडीच्या भावात यायला हवा.

तोवर एक साधे काम रुग्णालयातच करता येते. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली लिहिलेल्या ग्रंथात रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा असे सांगितले होते. आपल्या केसपेपरवर अजूनही ‘मजूर’ किंवा ‘चालक’ एवढेच लिहिले जाते. व्यावसायिक परवान्यासाठीच्या वैद्यकीय दाखल्याचा भर नजर, रंगओळख, ऐकू येणे आणि अवयवांतील व्यंग यांवर असतो. झोप आणि कंबर त्यात कुठेच नाही. म्हणून टिपरचालकाने तपासणीला आल्यावर आपणहून तीन गोष्टी सांगाव्यात: दिवसाला किती खेपा, काल किती तास झोप, आणि रात्री घोरतो का. रक्तदाब आणि साखर त्याच वेळी मोजून घ्यावी. कामावर असताना दुखापत झाली असेल तर ती कामावर झाल्याचे केसपेपरवर लिहून घ्यावे. नेमणुकीचे पत्र नसलेल्या चालकाला नुकसानभरपाई मागताना पुढे हाच कागद लागतो.