आजोबा, नातवंडे आणि कयाक

सुटीत तारकर्ली-देवबागला जाणारी कुटुंबे हल्ली कर्ली खाडीत कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याची लहान होडी, चालवतात. आजोबांनीही मागे राहू नये. खांद्यांना चांगला व्यायाम होतो. (नाहीतरी आमची पिढी काठावर चपला सांभाळण्यातच सुटी घालवते.)

परंतु माझ्या एका मधुमेही रुग्णाने सकाळची गोळी घेतली आणि नाश्ता ‘आल्यावर करू’ म्हणून ठेवला. खाडीच्या मध्यावर त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. पुढे बसलेल्या सात वर्षांच्या नातीला वाटले, आजोबा दमले. सुदैवाने मुलगा शेजारच्या होडीत होता.

रक्तातील साखर उतरल्याची ही लक्षणे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी खाल्ल्याशिवाय होडीत पाऊल ठेवू नये. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत 3 चमचे ग्लुकोज असावे. रक्तदाबासाठी अटेनोलॉल चालू असेल, तर धडधड, थरथर जाणवेलच असे नाही. घाम मात्र सुटतो. ही खूण नातवंडांनाही सांगून ठेवावी.

लाइफ जॅकेट बांधल्यावर मुलाला जॅकेटच्या खांद्यांना धरून जरा उचलून पाहावे. जॅकेट कानापर्यंत सरकले तर माप मोठे आहे. संकोच न करता बदलून मागावे.