बंब आणि त्याची निगा

अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पैनगंगा बुलढाणा तालुक्यातून वाहत जाते. तिच्या काठी देऊळघाट हे गाव वसलेले आहे. बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग लोक मानतात. त्यांपैकी देऊळघाट घाटावर मोडते. बुलढाण्याच्या आसपासचा हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. त्यामुळे मार्गशीर्ष-पौषातील पहाटे तेथे चांगलीच थंडी पडते. अशा वेळी स्नानासाठी ऊन पाणी हवेसे वाटते.

असे पाणी तापविण्यासाठी महाराष्ट्रातील घराघरांत पूर्वीपासून तांब्याचा बंब वापरीत आले आहेत. आता अनेक ठिकाणी गॅस, वीज व सूर्याची उष्णता यांवर चालणारी साधने आली आहेत. तरीही जेथे शेतातच सरपण मिळते, तेथील पुष्कळ घरांत बंब टिकून आहे. तो नीट वापरला तर थोड्या लाकडांत पुष्कळ पाणी तापवितो. हयगय केली तर मात्र घरावर संकट आणतो. म्हणून त्याचे कार्य कसे चालते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

बंबाची रचना साधी, पण मोठी कल्पक असते. बाहेरून तो एका उभट, गोल भांड्यासारखा दिसतो. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक रुंद नळी असते. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी बसविलेली असते. नळीत सरपण टाकतात आणि ते जाळीवर जळते. नळीभोवतीच्या पोकळीत पाणी असते. पाणी ओतण्यासाठी वर एक तोंड आणि काढण्यासाठी बाजूला तोटी असते. चुलीवर ठेवलेल्या पातेल्याला केवळ बुडाकडून आच लागते आणि पुष्कळशी उष्णता बाजूने निघून जाते. बंबात मात्र अग्नी पाण्याच्या पोटात असतो. त्यामुळे उष्णता वाया कमी जाते. रशियात आणि काश्मीरमध्ये चहासाठी जे ‘समोवार’ वापरतात, त्यांतही हीच युक्ती योजलेली असते.

बंबासाठी तांबे निवडण्यात पूर्वजांचे चातुर्य दिसून येते. लोखंडापेक्षा तांबे सुमारे पाचपट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि ते लोखंडाप्रमाणे गंजून झिजत नाही. तांब्याचा पत्रा ठोकून भांडी घडविणाऱ्या कारागिरांना तांबट म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

बंब वापरताना पहिला नियम हा, की आधी पाणी आणि मग अग्नी. कागदाच्या द्रोणात पाणी भरून शिक्षक तो दिव्याच्या ज्योतीवर धरून दाखवितात, तेव्हा पाणी तापते. पण कागद जळत नाही. कागदाला मिळालेली उष्णता पाणी लगेच शोषून घेते, हे त्याचे कारण होय. बंबातही तेच घडते. घाटावरच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. नळीभोवती पाणी आहे तोवर तिचा पत्रा त्याहून फारसा तापत नाही. पाणी संपले, की तोच पत्रा काही क्षणांत भयंकर तापतो, त्याचे सांधे सुटतात आणि बंब गळू लागतो. म्हणून बंब काठोकाठ भरल्यावाचून पेटवू नये, आणि एक बादली ऊन पाणी काढले की एक बादली थंड पाणी लगेच ओतावे. पाणी ओतण्याच्या तोंडावरील झाकण मात्र कधीही घट्ट बसवू नये. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला बाहेर पडण्यास वाट हवी. ती न मिळाल्यास वाफेचा दाब वाढून बंब फुटू शकतो.

दुसरी गोष्ट सरपणाची. वऱ्हाडात कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या व तुरीच्या तुराट्या सरपणासाठी साठवून ठेवतात. त्या हलक्या असतात. चटकन पेटतात आणि चटकन विझतात. बाभळीचे लाकूड जड असते. ते सावकाश पेटते, पण त्याचा निखारा दीर्घकाळ टिकतो. म्हणून पऱ्हाट्यांनी जाळ धरवावा आणि मग बाभळीच्या लहान ढलप्या घालाव्यात. सरपण मात्र वाळलेलेच हवे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. बर्फाइतके थंड पाणी उकळीपर्यंत आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ करण्यास लागते. ओले लाकूड जाळले, तर अग्नीची बरीचशी शक्ती त्या लाकडातील पाणी आटविण्यातच खर्च होते. जाळ मंद राहतो आणि धूर मात्र दाटतो. यास्तव सरपण पावसाळ्यापूर्वी तोडून, आडोशाला व जमिनीपासून उंचावर रचून ठेवणे हिताचे असते.

बंब लवकर पेटावा म्हणून काही जण प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबराचे तुकडे किंवा रंग दिलेली लाकडे त्यात घालतात. हे अत्यंत अपायकारक आहे. त्यांच्या धुरात विषारी द्रव्ये असतात. रॉकेल किंवा पेट्रोल तर जळत्या बंबात कधीही ओतू नये. ज्वाला उसळून ओतणाऱ्याच्याच अंगावर येते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हवेची. लाकूड तापले म्हणजे त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात. ते जळताना ज्वाला दिसते. मागे कोळसा उरतो. तो ज्वालेवाचून, निखाऱ्याच्या रूपाने जळतो. दोहोंनाही प्राणवायू भरपूर लागतो. जाळीखालून थंड हवा आत येते, तापून हलकी होते आणि नळीतून वर निघून जाते. तिच्या जागी नवी हवा खालून ओढली जाते. जाळीवर राख साचली, की हा ओघ तुटतो.

हवा अपुरी पडली म्हणजे केवळ धूर होतो असे नाही. त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू मोठ्या प्रमाणावर निर्माण होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील तांबडे द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, प्राणवायू शरीरभर पोहोचविते. हा वायू त्या द्रव्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहूनही अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. प्रथम डोके दुखते, घेरी येते, मळमळते, हातपाय गळतात. झोप आल्यासारखे वाटून माणूस बेशुद्ध पडतो आणि त्यातच त्याचा अंत होऊ शकतो.

धूर डोळ्यांना झोंबतो. म्हणून तो माणसाला सावध तरी करतो. लालबुंद निखाऱ्यांतून धूर निघत नाही; त्यामुळे ते निर्धोक वाटतात, आणि येथेच माणूस फसतो. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन निजणे किंवा दार-खिडकी लावलेल्या न्हाणीघरात जळता बंब ठेवणे प्राणघातक ठरते. बंब उघड्या अंगणात किंवा चारी बाजूंनी वारा खेळेल अशा पडवीत पेटवावा आणि ऊन पाणी घंगाळात किंवा बादलीत घेऊन न्हाणीघरात न्यावे, हीच योग्य रीत होय. बंद खोलीत शेगडीजवळ कोणी बेशुद्ध पडलेला आढळला, तर मुलांनी एकट्याने आत न शिरता मोठ्यांना हाक मारावी. मोठ्यांनी दारे-खिडक्या सताड उघडून त्या व्यक्तीला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बंबाची निगा राखण्यास फारसे कष्ट पडत नाहीत; नियमितपणा मात्र हवा. रोज पेटविण्यापूर्वी जाळीवरची राख झाडावी. नळीच्या आतल्या अंगाला काजळीचा थर बसतो. काजळीतून उष्णता सहजासहजी जात नाही. म्हणून आठवड्यातून एकदा काठीला गोणपाट गुंडाळून ती खरवडून काढावी. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते. ते तापले म्हणजे आतून क्षारांचा पांढरा थर धरतो. चिंचेचे पाणी काही वेळ आत ठेवून हलविल्यास त्यातील आम्लाने तो सुटू लागतो. बाहेरचे तांबेही चिंचेने घासले की उजळते. तोटी गळू लागली किंवा सांधा ओलसर दिसला, तर बंब पेटविणे थांबवून तो कारागिराकडे न्यावा.

राखेच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते. वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही धुमसत राहू शकतो. अशी राख उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकली आणि वारा सुटला, तर वर्षभराची वैरण भस्मसात होण्यास वेळ लागत नाही. म्हणून राख पत्र्याच्या घमेल्यात काढावी आणि तिच्यावर पाणी शिंपडून ती पूर्ण निवू द्यावी.

बंबापाशी वावरताना पदर, ओढणी, शाल यांची टोके खोचून घ्यावीत. लहान भावंडांना जवळ येऊ देऊ नये. पेट घेतलेल्या कपड्यांनिशी धावत सुटल्यास वाऱ्याने आग अधिकच भडकते. अशा वेळी जमिनीवर लोळावे किंवा जाड घोंगडी अंगाभोवती लपेटून घ्यावी. भाजलेल्या जागेवर शाई, तेल किंवा दंतमंजन लावू नये. सुमारे वीस मिनिटे थंड पाण्याची धार धरावी आणि मग वैद्यकीय उपचार घ्यावेत.

मराठीत एक मौजेची गोष्ट आढळते. पाणी तापविण्यासाठी ज्यात आग पेटवितात, त्या भांड्याला बंब म्हणतात. आणि जी गाडी पाणी मारून आग विझविते, तिलाही बंबच म्हणतात. एका बंबाची काळजी रोजच्या रोज घेतली, तर दुसऱ्या बंबाला हाक मारण्याची वेळ सहसा येत नाही. भरलेले पाणी, वाळलेले सरपण, मोकळी हवा आणि निवलेली राख या चार गोष्टी ज्या घरात सांभाळल्या जातात, त्या घरातील अग्नी थंडीच्या दिवसांत सर्वांना सुखदायक होतो.