लांडगा दिसला, तर सांगायचं कुणाला?

पुण्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला माळ फोडून प्लॉट पडताहेत. तिथे नव्याने राहायला गेलेल्या कुणाला तरी पहाटे कुंपणापलीकडे भुरकट रंगाचा, लांब पायांचा, शेपूट खाली सोडलेला प्राणी दिसतो. मोबाईल निघतो. चहा होईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ, त्याखाली नकाशावरची खूण, आणि त्याखाली 'मुलांना बाहेर सोडू नका'. दिवस वर येतो तसे बघे गाड्या घेऊन हजर होतात.

पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुढे सोलापुरातल्या नान्नजपर्यंतच्या माळरानांवर लांडगे पूर्वीपासून आहेत. राखीव जंगलाची त्यांना गरज नाही. आखूड गवत, ओढ्याकाठची झुडपं आणि मेंढरांचे कळप एवढ्यावर त्यांचं भागतं. अंगाने म्हणाल तर वीस-बावीस किलोंचा जीव. धनगरांना तो दिसला तर ते आरडाओरडा करून, कुत्री सोडून त्याला हाकलतात, रात्री वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, नीट ताणतात आणि पुढच्या कामाला लागतात. 'दिसला' ही त्यांच्या लेखी तक्रार नव्हे. नव्या वस्तीत मात्र कळवणं याचा अर्थ बहुधा एकच असतो: या आणि उचलून न्या.

उचलून नेण्याचं काय होतं, ते जुन्नरने बिबट्यांच्या बाबतीत भोगलं आहे. या शतकाच्या सुरुवातीला तिथे बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की जिथे ते सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले उलट वाढले. लांडगा तर कळपाने, ठरलेल्या मुलखात राहतो. त्याला उपटून टाकलं तर इकडचा कळप मोडतो आणि तिकडे एक बिथरलेलं जनावर मोकळं सुटतं.

भीती अगदीच निराधार आहे, असं मात्र म्हणता येणार नाही. उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये 2024 साली लांडग्यांच्या हल्ल्यांत किमान 8 जीव गेले, बहुतेक लहान मुलांचे. वनखात्याने पाच लांडगे पकडले. सहावा गावकऱ्यांनी मारला. महाराष्ट्रात निरोगी लांडग्याने माणसावर चाल करणं फार क्वचित घडतं, पण पिसाळलेलं जनावर कुठेही अंगावर येऊ शकतं. म्हणून जो लांडगा माणसाला बघून टळत नाही, झोकांड्या खातो, दिवसाढवळ्या वस्तीत शिरतो किंवा जखमी आहे, त्याची खबर वनखात्याला लगेच द्यावी. 1926 हा क्रमांक त्यासाठीच आहे. चावा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि थेट दवाखाना गाठावा. लस आधी, फोन नंतर.

आपल्या वाटेने निघालेल्या धडधाकट लांडग्याची नोंदही करावीच, पण वेगळ्या कारणासाठी. सरकारदरबारी ही माळरानं बहुतेक पडीक म्हणून लागलेली असतात. तिथे काही राहतं याचा पुरावा नसला, की औद्योगिक वसाहत, सौरप्रकल्प, वृक्षलागवड, काहीही बेलाशक येतं. (गवताळ माळावर खड्डे खणून झाडं लावणं याला पर्यावरणप्रेम म्हणणाऱ्यांशी वाद घालून मी थकलो आहे.) तारीख, वेळ, किती होते, कुठल्या दिशेने गेले, सोबत गावकुत्री होती का, एवढी साधी टिपणंही कामाला येतात. पुण्याजवळच्या कळपात काही जनावरं जरा वेगळ्याच पिवळसर रंगाची आहेत, हे माळावर नेमाने फिरणाऱ्या निरीक्षकांच्याच ध्यानात आलं. त्यातून द ग्रासलँड्स ट्रस्ट आणि संशोधन संस्थांनी केलेल्या जनुकीय तपासणीत लांडगा आणि कुत्रा यांचा संकर 2023 साली सिद्ध झाला. उघड्यावर फेकलेली मेलेली कोंबडी आणि त्यावर जमणारी मोकाट कुत्री हा लांडग्यापुढचा केवढा मोठा धोका आहे, ते त्यामुळे कळलं.

अशी नोंद वनरक्षकाकडे जावी, अभ्यासकाकडे जावी. ठिकाणासकट ग्रुपवर जाऊ नये. त्यातही विणीच्या दिवसांत तर नाहीच. दिवाळीच्या आसपास जोड्या जमतात आणि थंडीत पिल्लं होतात. गुहेचा पत्ता फुटला की एकीकडून कॅमेरेवाले येतात, दुसरीकडून धूर करून पिल्लं मारणारे. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला किमान तीन वर्षं कैद आणि 25 हजार दंड. पण माळावर कायदा पोचेपर्यंत गुहेत राख उरते.

राहिला तो, ज्याचं खरोखर नुकसान होतं. मेंढरू मारलं गेलं तर 48 तासांत वनखात्याला कळवायचं, मढं जागचं हलवायचं नाही, पंचनामा झाला की भरपाई. घर असलेल्या शेतकऱ्याला हे जमतं. दसरा-दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा घेऊन निघालेल्या धनगराचा मुक्काम एका रानात एक-दोन रात्री. पंचनाम्यासाठी थांबायचं तर बाकीच्या मेंढरांना चारा कुठला? तो मढं तिथेच टाकतो आणि घोड्यावर बिऱ्हाड लादतो. सरकारी कागदावर त्या रात्री त्या माळावर लांडगाही नव्हता आणि मेंढरूही.