आजीची तवली आणि लेसरची घाई

तोंडवलीत आमचं घर सुरूच्या बनामागे आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. मे महिन्यात सुट्टीला गेले आणि पहिल्याच दिवशी आजीची तवली फोडली. बांगड्याचं तिखलं दुसऱ्या भांड्यात काढलं आणि चुलीवरून उतरवलेली रिकामी तवली तशीच नळाखाली धरली. ‘टक्’ असा आवाज आला आणि काठापासून बुडापर्यंत एक रेघ उमटली.

‘‘अगो, तापलेल्या तवलेर थंड पाणी घालतत काय? फुटतलीच मा ती!’’ आजी म्हणाली.

गंमत म्हणजे याच पानासाठी मी एक विषय घेऊन गेले होते: लेसर वापरून सिरॅमिकचे भाग थ्रीडी प्रिंट करणं. पंधरा दिवस वाचूनही एक प्रश्न सुटत नव्हता. लेसरने धातूचे भाग छापले जातात, मग सिरॅमिकलाच एवढा त्रास का? उत्तर आजीच्या मोरीत पडलं होतं.

तवली का फुटते?

नीट बघा. गार पाणी लागलं की तवलीचा बाहेरचा थर आक्रसतो. आतला थर मात्र अजून तापलेला, म्हणजे फुगलेला असतो. एक ओढतो, दुसरा सोडत नाही. धातूचं भांडं अशा वेळी थोडं वाकून, ताणून घेतं. मातीला ताणता येत नाही, म्हणून ती तडकते. शिवाय मातीतून उष्णता हळू पसरते, त्यामुळे दोन थरांच्या तापमानातला फरक लवकर मिटत नाही.

सिरॅमिक म्हणजे फक्त कपबशी किंवा बाथरूमची टाइल नव्हे. ॲल्युमिना, झिर्कोनिया हीसुद्धा सिरॅमिकच, आजीच्या तवलीची हाय-फाय भावंडं म्हणा. दातांच्या कॅपपासून विमानाच्या इंजिनापर्यंत सगळीकडे ती लागतात, कारण ती झिजत नाहीत, गंजत नाहीत आणि प्रचंड तापमान सहन करतात. पोलाद साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळतं. ॲल्युमिनाला २००० अंशांच्या वर जावं लागतं.

आता लेसर आणा

पावडरचा पातळ थर पसरायचा, लेसरने हवा तेवढाच भाग तापवून चिकटवायचा, त्यावर पुढचा थर पसरायचा. ही कल्पना १९८०च्या दशकात कार्ल डेकार्डने टेक्सास विद्यापीठात मांडली. तेव्हा तो विद्यार्थी होता, म्हणजे तुमच्या-माझ्याच वयाचा! प्लॅस्टिकला ही युक्ती जमली, पुढे धातूलाही जमली.

सिरॅमिकमध्ये ती अडली. लेसरचा ठिपका जिथे पडतो तिथे क्षणात दोन हजार अंश आणि शेजारच्याच मिलिमीटरला जवळजवळ गारवा. ठिपका पुढे सरकला की मागची जागा झपाट्याने निवते. थोडक्यात, तापलेली तवली दर क्षणाला नळाखाली धरण्याचा प्रकार. तडे जाणारच.

जर्मनीतल्या आखेन शहरातल्या फ्राउनहोफर लेसर तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी यावर काय केलं माहितीये? त्यांनी पावडर आधीच तापवून ठेवली, तीही थोडीथोडकी नाही, किमान १६०० अंशांपर्यंत. त्यासाठी एक वेगळा लेसर वापरला आणि प्रत्यक्ष वितळवण्याचं काम दुसऱ्याकडे दिलं. आजूबाजूचं सगळंच तापलेलं असल्यामुळे तापमानातला फरक कमी झाला. ॲल्युमिना आणि झिर्कोनियाच्या मिश्रणाचे नमुने तड्यांशिवाय बनले. २०१३ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. नमुने वाकवून पाहिले तेव्हा त्यांनी ५०० मेगापास्कलहून जास्त ताण सोसला, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ढोबळमानाने पन्नास किलो. अर्थात पृष्ठभाग खडबडीत होता, आणि एवढं तापमान मोठ्या भागभर सारखं ठेवणं सोपं नाही.

दुसरी वाट, कुंभाराची

म्हणून अनेक जण वेगळ्या वाटेने जातात. तिथे लेसर भाजण्यासाठी नसतोच, तो फक्त प्रकाश म्हणून वापरतात. सिरॅमिकची पावडर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये कालवतात. अतिनील लेसर प्रत्येक थरावर आकार रेखतो आणि तेवढंच रेझिन घट्ट होतं. हाताशी येतो तो कच्चा भाग, चाकावरून उतरवलेल्या ओल्या मडक्यासारखा.

पुढचं काम भट्टीचं. आधी रेझिन हळूहळू जाळून काढायचं. त्यात तास काय, कधी दिवससुद्धा जातात. घाई केली तर आतला वायू बाहेर पडताना भाग फोडतो. मग ॲल्युमिना असेल तर साधारण १६०० अंशांना पक्की भाजणी. यात भाग सुमारे वीस टक्के आक्रसतो. दहा सेंटीमीटरची वस्तू हवी असेल तर साडेबारा सेंटीमीटरची छापावी लागते. माती सुकताना आणि भाजताना आटते हे धरून कुंभारही मडकं मोठंच घडवतो. फक्त तो कॅल्क्युलेटर काढत नाही.

या कामात पुढे असलेली एक कंपनी, थ्रीडीसेराम, फ्रान्समधल्या लिमोजची आहे. अठराव्या शतकात तिथे जवळच चिनी माती सापडली आणि गाव पोर्सेलीनच्या भांड्यांसाठी जगभर ओळखलं जाऊ लागलं. २००१ मध्ये त्याच गावात ही कंपनी सुरू झाली. भांड्यांच्या गावात लेसर आला तेव्हा माती आणि भट्टी कळणारी माणसं तिथे आधीपासूनच होती.

आणि आपल्याकडे?

आपल्या जिल्ह्यात कणकवली तालुक्यातलं कासार्डे सिलिका वाळूसाठी ओळखलं जातं. ती ट्रक भरभरून बाहेर जाते. जिल्ह्यात कुंभारही आहेत. नवी तवली घ्यायला मी आजीबरोबर आचऱ्याच्या बाजारात गेले, तेव्हा विकणाऱ्या काकींना विचारलं, हे काम पुढे कोण करणार? ‘‘कोण नाय गो. झील पुण्याक कंपनीत आसा,’’ त्या म्हणाल्या. मुलाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. घरच्या भट्टीबद्दल कॉलेजात कधी बोललास का, असं त्याला फोनवर विचारलं, तर तो हसला. ‘‘त्यात काय सांगायचं?’’

खूप काही सांगायचं आहे, मित्रा! कुठली माती किती आटते, जाळ कधी वाढवायचा, भट्टी कधी उघडायची नाही, हे ज्याच्या घरात बोललं जातं त्याला या तंत्रज्ञानाचा अर्धा अभ्यास घरीच मिळालाय. उरलेला अर्धा, म्हणजे मटेरियल सायन्स, लेसर, सॉफ्टवेअर, कॉलेजात मिळतो. तुम्ही मेकॅनिकल, मेटलर्जी किंवा केमिस्ट्री करत असाल आणि प्रोजेक्टचा विषय शोधत असाल, तर यूट्यूबच्या आधी जवळच्या कुंभाराकडे एक दिवस काढा. भट्टी लावतानाच जा, आणि वही न्या.

नवी तवली आजीने रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली. सकाळी तिच्यात पेज चढवली, अगदी मंद विस्तवावर. मी लाकूड पुढे सरकवायला गेले तर तिने माझा हात धरला.

‘‘थांब. आधी तिका ऊब लागांदे.’’